पोटच्या पोराची वहिनी

एर्बोल चार वर्षांचा झाला, तोंडात सगळे दात आले, तरी त्याची आजी झूराकान त्याला मांस स्वतः चावून भरवायची. तुकडा आधी आपल्या तोंडात घोळवायची, मग दोन बोटांनी काढून त्याच्या तोंडात कोंबायची. पाहुण्यांसमोर, भर दस्तरखानावर, सगळे जेवायला बसलेले असताना. तिचे पुढचे दात पडलेले होते, त्या फटीतून चरबी हनुवटीवर ओघळायची. पोरगं आ वासून बसलेलं. आणि भोवतीच्या बायका म्हणायच्या, "काय माया आहे बाई!"

 मी चहाचा पियाला तोंडाला लावून नजर दुसरीकडे वळवायची.

मी गावच्या बालवाडीत शिकवते आणि झूराकानच्या नि माझ्या अंगणात एकच मातीची भिंत आहे. तिच्या घरात जे चाललं ते मी भिंतीवरून पाहिलं, ऐकलं आणि नंतर बालवाडीत त्याची फळंही पाहिली. पण मला सांगायचंय ते तिच्या सुनेबद्दल, साल्किनायबद्दल. गावात तिचं नाव कुणी फारसं घेत नाही. घेतलंच तर नाक मुरडून घेतात.

साल्किनाय कोचकोरकडची, धनगराची मुलगी. पाच बहिणी. उन्हाळाभर वर कुरणात तंबू ठोकून राहणारं घर. ती मला सांगायची, "आमच्या आईनं प्रत्येकीला एकेक कोकरू दिलेलं असायचं, ताई. ते आजारी पडलं तर आपण जागायचं, मेलं तर आपण रडायचं. आई फक्त शेजारी बसायची. हात लावायची नाही." अशा आईच्या हाताखालून आलेली पोर ती. बोलकी, कामाला चपळ, कुणासमोर मान खाली घालायची सवय नसलेली. झूराकानच्या घरात ती सवय तिला लावण्यात आली.

नवरा मिर्लान कोळशाचा ट्रक चालवायचा. धिप्पाड गडी, तिशी ओलांडलेला, पण त्याच्या चहातली साखर आई ढवळून द्यायची. "मिर्लान, टोपी घाल." तो घालायचा. "मिर्लान, बायकोला सांग, पीठ जास्त झालं." तो सांगायचा. बायको समोर दोन हातांवर उभी असायची, तरी आईचं वाक्य हा तिच्यापर्यंत पोचवायचा. एक पोर आईनं असं लुळं करून ठेवलं होतंच. दुसऱ्याची वाट पाहत होती.

आमच्याकडे पहिलं नातवंड आजीआजोबांनी आपलं म्हणून वाढवायची रीत आहे. रीत वाईट नाही. माझा थोरला भाऊ आमच्या आजीकडेच वाढला. तिनं त्याला पाणी भरायला लावलं, सात पिढ्यांची नावं पाठ करून घेतली, खोटं बोलला तेव्हा कान पिरगाळला. असा भाऊ दहा घरांत मिळायचा नाही. तेव्हा मला कुणी रीत सांगू नका. रीत चांगलीच होती, ते घर सडकं होतं.

एर्बोल चाळीस दिवसांचा झाला त्या दिवशी चाळीस चमचे पाण्यानं त्याला न्हाऊ घातलं आणि झूराकाननं त्याला उचलून जाहीर केलं, "हा माझा." साल्किनायला कुणी विचारलं नाही. बाळ रडलं की तिला हाक यायची. ती यायची, पाजायची, आणि बाळाचं तोंड सुटायच्या आत सासू त्याला ओढून घ्यायची. एकदा ही म्हणाली, "आपा, जरा वेळ राहू दे ना माझ्यापाशी."

झूराकान म्हणाली, "दूध तुझं, पोर माझं. जा, गाय वाट बघतेय."

पोर बोलायला लागलं तेव्हा आजीला "आपा" म्हणजे आई म्हणू लागलं, बापाला "दादा" आणि आईला "वहिनी". हेही रीतीतलंच. पण दुसऱ्या घरांत पोराला हळूच सांगतात की बाबा, ही तुझी खरी आई. इथं पोरानं चुकून एकदा साल्किनायला "आई" म्हटलं, तर झूराकाननं त्याच्या तोंडावर हलकेच चापट मारली आणि सगळ्यांना हसवत म्हणाली, "आई म्हणे! अरे, ही तर तुझी भांडीवाली!"

सगळे हसले. मिर्लानही हसला. मी त्याचा तो चेहरा अजून विसरले नाही. हसताना तो आईकडे बघत होता, आपण पुरेसं हसतोय ना ते तपासत.

म्हाताऱ्यानं, म्हणजे झूराकानच्या नवऱ्यानं, इसाबेकनं, पोराला घोड्याचा छोटा चाबूक करून दिला होता. जेवणं झाली की घरात एक खेळ चालायचा. म्हातारा लोडाला टेकून म्हणायचा, "एर्बोल, वहिनीला हाण बघू. पळते का बघू." साल्किनाय भांडी गोळा करत असायची. पोरगं मागून जाऊन तिच्या पिंढऱ्यांवर सटकन मारायचं. ती दचकली की हशा. नाही दचकली तर "अरे जोरानं! मर्द ना तू?" पाहुणे आले की हा खेळ हमखास व्हायचा. आमच्याच गावातले मोठमोठे लोक, नमाजी, पांढऱ्या दाढीचे, ते बघून मांड्यांवर थापा मारायचे. तेलकट हातांनी.

मी एकदा मान राखूनच बोलले. "इसाबेक अके, उद्या हे तुम्हालाच हाणेल."

म्हातारा म्हणाला, "बालवाडीची बाई आली शिकवायला! अगं, वासराला शिंगं फुटायच्या आधी धडका मारू द्याव्या लागतात."

बालवाडीत एर्बोल आला तो असा. घास समोर ठेवला तर तोंड उघडून बसायचा. चावायचं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. बोलायचा जेमतेम. बोट दाखवलं की वस्तू मिळते, मग शब्दांची गरज काय? इतर पोरांना चावायचा. हो, तेवढं चावता येत होतं. आणि मला, त्याच्या आईहून मोठ्या बाईला, हुकूम सोडायचा, "ए सुने, उचल!"

एके दिवशी मी त्याचा खेळ आवरायला त्यालाच लावला. त्यानं माझ्याकडे रोखून बघितलं, पाय फाकवले आणि उभ्याउभ्या गालिच्यावर मुतला. माझ्या डोळ्यांत बघत. मग वाट बघत राहिला, कुणी पुसायला येतंय का म्हणून. मी फडकं आणून त्याच्या हातात दिलं. तो किंचाळला, लोळला, निळा पडला. मी हलले नाही. शेवटी त्यानं एकदोनदा फडकं फिरवलं.

दुसऱ्या दिवशी झूराकान दारात.

"अनारकुल, तू माझ्या पोराला गालिचा पुसायला लावलास?"

"त्याचंच होतं ते, आपा."

"तो पुरुष आहे!"

"मग? पुरुषांचं काय गुलाबपाणी असतं?"

तिनं त्याला त्याच दिवशी बालवाडीतून काढलं. जाताना तो तिच्या पाठीवर होता, पाच वर्षांचा दांडगा पोर, आणि ती वाकून वाकून धापा टाकत चालली होती. त्यानं तिच्या खांद्यावरून मागं बघून माझ्या दिशेनं थुंकी टाकली. ती वाऱ्यानं तिच्याच ओढणीवर पडली. तिला कळलंही नाही.

तोपर्यंत साल्किनायला दुसरं मूल झालं होतं. मुलगी. झूराकान सुईणीच्या मागोमाग आत गेली, दुपटं वर करून बघितलं आणि म्हणाली, "बरं. ही तू ठेव."

साल्किनाय मला भिंतीवरून हे सांगताना हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "ताई, बक्षीस मिळालं गं मला! कुणाला नको म्हणून मला मिळाली."

पोरीचं नाव बेगिमाय. मी ज्या गोष्टी पोरांना शिकवायला वर्षं घालवते त्या ह्या बाईनं गोठ्यात नि चुलीपुढं शिकवल्या. दूध काढताना बोलायची, पीठ मळताना बोलायची. "बघ, ही गाय आज रुसलीय. का रुसली असेल? तू सांग." पोर विचार करायची. "तिचं वासरू लांब बांधलंय." "मग काय करायचं?" सांडलं तर पोरच पुसायची, पडली तर आपली आपण उठायची, चिडली तर साल्किनाय शांत बसून राहायची, तिचा राग संपेपर्यंत, तिच्या आईसारखी. तीन वर्षांची असताना बेगिमाय भिंतीपलीकडून मला विचारायची, "ताई, तुमच्या कोंबड्या आज का भांडतायत?" आणि एर्बोल, सहा वर्षांचा, "दे" आणि "नको" यांच्यापलीकडे जात नव्हता. एका चुलीवरचं अन्न, एकाच आईचं दूध, एकच छप्पर. माझ्यासारख्या शिक्षिकेला यापेक्षा वेगळं काही वाचायची गरज उरली नाही.

मग तो हिवाळा आला. मी तिथं होते, उसनी चाळण परत द्यायला गेले होते. एर्बोल बाहेरून आला आणि उंबऱ्यावर बसून पाय पुढे केला. साल्किनाय गुडघ्यांवर बसून त्याचे बूट ओढत होती. नाडीला बर्फ धरलेला, सुटत नव्हती. लोडावरून म्हातारा सवयीनं म्हणाला, "हाण रे, हळू चाललीय."

त्यानं हाणलं. पिंढरीवर नाही, तोंडावर. भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं, गालावरून बुटावर टपटपलं. बेगिमाय किंचाळली आणि आईला बिलगायला धावली; त्यानं तिच्याही पाठीवर एक ओढला.

झूराकान म्हणाली, "खेळतोय गं. लहान आहे. डोळा वाचला ना?"

साल्किनाय उठली. तिनं चाबूक त्याच्या मुठीतून काढून घेतला, शेगडीचं झाकण उघडलं आणि निखाऱ्यात टाकला. चामड्याचा जळका वास खोलीभर पसरला. मग ती परत पोरासमोर बसली, रक्ताळलेलं तोंड त्याच्या तोंडासमोर आणलं आणि म्हणाली, "मी तुझी वहिनी नाही. मी तुझी आई आहे. मी तुला जन्म दिला."

पोर घाबरून आजीच्या ओढणीआड शिरलं. "आपा, ही काय म्हणते?"

"वेडी झालीय," झूराकान म्हणाली. "मिर्लान! तुझी बायको घरात आग लावतेय, आणि तू बसलायस!"

मिर्लान बसलेलाच होता. त्यानं पियालाही खाली ठेवला नाही. तो म्हणाला, "साल्किन, आपाची माफी माग."

मी चाळण तिथंच टाकली. त्या माणसाकडे बघताना मला जी शिसारी आली तशी मला मेलेल्या जनावराची कधी आली नाही.

साल्किनाय दुसऱ्या सकाळी बेगिमायला घेऊन नारिनला गेली. एर्बोलला न्यायचा प्रयत्न तिनं केला. त्यानं दाराची चौकट धरली आणि ओरडायला लागला, "भांडीवालीबरोबर नाही जायचं!" ती दोन पावलं मागं सरली. मग गाडीत बसली. गावानं ठरवून टाकलं की ही पोराला टाकून गेलेली बाई. तिचं नाव घेताना नाक मुरडायला लागले ते तेव्हापासून.

शहरात ती शाळेचे गणवेश शिवायची. बेगिमाय तिच्या मशिनशेजारी बसून अभ्यास करायची. मी अधूनमधून जायची. दर वेळी ती विचारायची, "तो कसा आहे?" आणि मला खोटं बोलता येत नसे. "उंच झालाय," एवढंच सांगायची. शाळेत गुरुजींच्या अंगावर धावून गेला, कुत्र्याच्या पिल्लाला पाटात बुडवलं, म्हाताऱ्याला शिव्या देतो, हे मी कशाला सांगू? तिला ते माझ्या तोंडावर दिसायचं.

म्हातारा वारला. मग एर्बोल तेरा वर्षांचा असताना झूराकानला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मिर्लान ट्रक घेऊन खाणीवर. घरात ती आणि नातू.

तिसऱ्या दिवशी धुराडं थंड दिसलं म्हणून मी गेले. दार उघडताच वासानं मी मागं हटले. म्हातारी गादीवर तशीच पडलेली, ओली, घाणीत माखलेली. ओठांवर माशा. पलीकडच्या खोलीत हा पाय पसरून मोबाईलवर खेळत होता. भोवती बिस्किटांची वेष्टणं.

"अरे, आजीला पाणी तरी दिलंस का?"

"ती मागत नाही."

"तिला बोलता येत नाही, गाढवा!"

"मग मी काय करू? बायकांचं काम आहे ते." आणि मग माझ्याकडे न बघताच, "मला भूक लागलीय. कुणी चहा करेल का?"

मला त्याला मारावंसं वाटलं. पण त्याच्याकडे बघितलं आणि जाणवलं की हा खोटं बोलत नाहीये. याला खरंच ठाऊक नाही. तेरा वर्षांच्या धडधाकट पोराला, समोर शेगडी असून, पाणी कसं तापवायचं ते ठाऊक नाही. पाळीव डुक्कर बरं, ते निदान स्वतः उकरून खातं.

मी साल्किनायला फोन केला. ती संध्याकाळच्या गाडीनं आली. दारातच मला म्हणाली, "तिच्यासाठी नाही आले मी, ताई. आधीच सांगते. गावाला मला देवी करू देऊ नकोस."

तिनं बाह्या वर केल्या, पाणी तापवलं आणि एर्बोलला हाक मारली. "तसराळं धर."

"मी?"

"इथं दुसरं कोण आहे?"

त्यानं धरलं. म्हातारीला कुशीवर वळवलं तसा त्याचा चेहरा पांढरा झाला आणि तो तिथंच ओकला. साल्किनायनं हात थांबवला नाही. "ओक. मग पूस. फडकं तिथं आहे."

तो पळून माझ्याकडे आला. "वहिनीनं मला घाण उपसायला लावली!"

"कुणाची?"

"आपाची."

"तुझी कुणी उपसली इतकी वर्षं?"

 मी त्याला चहा दिला नाही. भुकेला परत गेला. तिथं पीठ परातीत आणि पाणी शेजारी ठेवलं होतं, आणि साल्किनाय काहीही न बोलता बसली होती. पहिली भाकरी त्यानं केली ती खालून कोळसा नि वरून कच्ची होती. त्यानं ती रडत रडत खाल्ली.

मिर्लान खाणीवरून आला, टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. "राहशील का?" म्हणाला.

"राहीन. पण या घरात आता हुकूम तिच्या तोंडून तुझ्या तोंडात जाणार नाही. तिला वाचा नाही, आणि तुला कधी नव्हतीच. तेव्हा मी सांगेन."

तो मान हलवत राहिला. कुणीतरी काय करायचं ते सांगितल्याचं त्याला बरंच वाटलं असावं.

झूराकान आणखी दोन हिवाळे जगली. एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. साल्किनाय तिला मऊ मांस भरवायची. म्हातारी ते चघळून गालात धरून ठेवायची, आणि एर्बोल जवळ आला की डाव्या हातानं तोंडातून काढून त्याच्यापुढे करायची. थरथरत्या बोटांत तो लगदा. डोळ्यांत अशी काही माया की बघवत नसे. एर्बोल भिंतीपर्यंत मागं सरकला. "शी! शी, आपा!" ती हात पुढे करतच राहिली. तिला कळेना की हा तोंड का उघडत नाही. आयुष्यभर मला वाटत आलं होतं की ती बाई दुष्ट आहे. पण तिला प्रेम करता येत होतं, आणि ते असंच येत होतं. मला तेव्हा जास्तच किळस वाटली.

बेगिमाय शाळेसाठी शहरातच वसतिगृहात राहिली; सुट्टीला यायची, पण भावाशी बोलायची नाही. साल्किनायनं कधी बोल म्हटलं नाही. पोरीनं एकदा माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, "आई, तुला त्याला माणूस करायचा तर कर. मला त्याला भाऊ म्हणायला लावू नकोस." साल्किनाय म्हणाली, "नाही लावणार."

गेल्या शरदात झूराकानचं वर्षश्राद्ध झालं. घोडी कापली, अंगणात तंबू उभारले, सगळा गाव आला. एर्बोल आता सोळाचा. कमरेला टॉवेल बांधून, पाण्याची झारी घेऊन, तो पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालत फिरत होता. वाकून, न सांडता. प्रत्येकापुढे थांबून, टॉवेल पुढे करून.

पांढऱ्या दाढीचे तेच लोक बसले होते. एक जण हात पुसत म्हणाला, "बघा, झूराकाननं काय पोर वाढवलंय! आजीचं वळण ते आजीचं वळण."

"आईनं तर टाकलंच होतं," दुसरा म्हणाला. "म्हातारीनं सोनं केलं."

माझ्या तोंडातल्या घासाची माती झाली. मी म्हणाले, "अके, तुमच्या हातावर पडलेलं पाणीसुद्धा तिनं शिकवलेलं नाही. तिनं काय शिकवलं ते तुम्ही याच अंगणात मांडीवर थापा मारून बघितलंय."

"अनारकुल, मेलेल्याबद्दल असं बोलू नये."

"मग जिवंतांबद्दल बोला की! ती काय मेलीय?"

 कुणीतरी मांसाचं ताट पुढे सरकवलं आणि घोड्यांच्या भावावर बोलणं सुरू झालं. मी उठले आणि घरामागे चुलाणाकडे गेले. साल्किनाय मोठ्या कढईत पळा फिरवत होती. धुरानं डोळे लाल. तिनं सगळं ऐकलं होतं. तंबूची कनात पातळ असते.

"कशाला भांडतेस त्यांच्याशी?" ती म्हणाली. "बस इथं. जेव."

मी तिच्याशेजारी ओंडक्यावर बसले. जरा वेळानं मी म्हटलं, "पण पोर खरंच सुधारलं गं. तू केलंस."

तिनं पळा कढईच्या कडेला टेकवला. मग म्हणाली, "काल बेगिमायनं त्याचा चार्जर घेतला, न विचारता. त्यानं हात उगारला. इथपर्यंत." तिनं स्वतःचा हात खांद्याच्या वर नेऊन दाखवला. "मग खाली घेतला. मी दारात होते, त्याला दिसले नाही."

"खाली घेतला ना?"

"घेतला. पण उगारतो अजून, ताई."

तिनं वाकून शेणाची एक गोवरी मोडली आणि चुलाणात सारली.